सातवा रकाना

अझरूच्या वर, जिथं देवदारांच्या बुंध्यांशी
बर्फ मार्चपर्यंत चिकटून राहतो,
तिथं तीन हिवाळे मी तिची पिशवी वाहिली.
बतूल तिचं नाव. समुद्राकडची, तेतुआनची.
थंडी तिला आधी कानांत कळायची.

वहीत सात रकाने.
उवा काढणं एक, दात वाजवणं दोन,
पाठ देणं तीन, मग मारामारी, मिठी,
सहावा : पिलू पुढं करणं.
सातवा : इतर.
तो ती कोराच ठेवायची.
म्हणायची, मोहा, इतर म्हणजे आपला आळस.

मी जन्माचा मेंढपाळ, उतारवयात जंगलखात्याचा शिपाई.
विचारलं, दुःखाला कितवा आकडा?
हसली नाही.
म्हणाली, दुःख मला दिसत नाही.
मला दिसतं : मादी, नंबर चौदा, बसलेली,
खात नाही, चाळीस मिनिटं.

चौदा नंबरचं पिलू पहिल्याच हिमवादळात गेलं.
ती ते घेऊन हिंडली अकरा दिवस,
आधी छातीशी, मग एका हातात,
मग दातांत, जुन्या मोज्यासारखं.
बतूल रोज वेळ नोंदवायची, सेकंदांसकट.
बाराव्या दिवशी मुळाशी नुसतं कातडं होतं
आणि चौदा नंबर वर, फांदीवर, साल सोलत.
घड्याळ बंद करायला बतूल विसरली.
रात्री खोलीत पिशवी उघडली
तेव्हा ते अजून पळत होतं.

मीही तिची नोंद ठेवत होतो, वही नसताना.
घरून फोन आला की पाठ देणं.
माकडं झोपली की स्वतःचीच बोटं मोडणं.
चौदा नंबरला ती हळूच ‘खाला’ म्हणायची,
कुणी ऐकत नाही असं वाटलं की.

या माकडांना शेपूट नाही.
पण नरांची एक तऱ्हा आहे, ती दुसरीकडं मी पाहिली नाही.
एकमेकांचे कान फाडलेले दोघे,
त्यांतला एक कुणाचं तरी पिलू उचलून आणतो.
दोघांच्या मधे ते धरतात,
त्याच्यावर वाकतात, दात वाजवतात कटकट कटकट,
पिलाचं ढुंगण न्याहाळतात जसं काही तिथं
एखादा करारनामा लिहिलाय.
मग शेजारी बसतात.
भांडण कशावरून होतं ते पिलाला ठाऊक नसतं.
सहावा रकाना. बतूलनं तीन हिवाळ्यांत
नऊशेच्या वर खुणा केल्या.

माझा भाऊ हद्दू. पाण्याच्या पाटावरून
आम्ही चौदा वर्षं बोललो नव्हतो.
आईच्या मातीलासुद्धा तो कबरीच्या त्या बाजूला, मी या.
शेवटच्या हिवाळ्यात, रस्ता बंद, बतूल आमच्याकडंच अडकलेली,
चुलीशी शीबा घातलेला कडू चहा पीत,
आणि दार वाजलं.
हद्दू. खांद्यावर बर्फ. कडेवर माझाच नातू,
त्याच्या मेंढवाड्यापर्यंत रांगत, पडत गेलेला,
एक बूट पायात, एक कुठंतरी.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही.
पोराकडं पाहिलं.
हद्दू म्हणाला, कान बापाचे घेतलेत.
मी म्हणालो, बापाचे कुठले, आईचे आहेत, आपल्या आईचे.
तो म्हणाला, हं, पाळी जाड आहे.
मग बराच वेळ आम्ही दोघं
त्या कानांवर वाकून होतो,
पोरगं वैतागून रडायला लागेपर्यंत.
थंडीनं हद्दूचे दात वाजत होते.
थंडीनंच, असं मी धरून चाललो.

बतूलचा हात खिशाकडं गेला, पेन्सिल असते तिकडं.
तिथंच राहिला.
मग तिनं तिसरा पेला भरला
आणि माझ्याकडं न देता
आम्हा दोघांच्या मधे, जमिनीवर ठेवला.

वसंतात ती गेली.
एक वही विसरली की ठेवली, माहीत नाही.
वाचता मला येत नाही, आकडे येतात.
शेवटच्या पानावर सहा रकाने रिकामे.
सातव्यात त्या रात्रीची तारीख,
पुढं एक खूण,
आणि ती खोडलेली,
पण दिसेल एवढीच.